सनद, चेंबर आणि ब्रीफ : मुंबईच्या बारमधील अल्पसंख्य वकिलांची उमेदवारी

मुंबई उच्च न्यायालयाविषयी आजवर जे लेखन झाले आहे त्यात 'पहिला' ह्या शब्दाला मोठे मानाचे स्थान मिळालेले दिसते. पहिला हिंदी बॅरिस्टर, पहिली स्त्री बॅरिस्टर, पहिला हिंदी मुख्य न्यायाधीश अशा नोंदी उपयुक्त असतात ह्यात शंका नाही; परंतु त्यांच्यामुळे सनद मिळाली म्हणजे व्यवसायात प्रवेश झाला, असा एक समज नकळत रूढ झाला आहे. वस्तुतः सनद ही कायद्याने देता येण्यासारखी गोष्ट होती. ज्या दोन गोष्टींवाचून सनदेला काही अर्थ उरत नव्हता, त्या म्हणजे ज्येष्ठाच्या चेंबरमधील उमेदवारी आणि सॉलिसिटरकडून येणारे ब्रीफ. आणि त्या कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेल्या नव्हत्या. ह्या दोहोंपैकी चेंबरचा दरवाजा जातिधर्माच्या पलीकडच्या माणसाला तुलनेने लवकर उघडला. ब्रीफ मात्र दीर्घकाळ आपापल्या वर्तुळातच फिरत राहिले, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम 'अल्पसंख्य' ह्या शब्दाविषयी थोडा खुलासा केला पाहिजे. १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हा त्याच्या ओरिजिनल साइडवरील बॅरिस्टरवर्ग संपूर्णपणे युरोपियन होता. त्या वर्गात हिंदी माणूस, तो कोणत्याही धर्माचा असो, अल्पसंख्यच ठरत होता. पुढे हिंदी वकिलांची संख्या वाढल्यावर ह्या शब्दाचा अर्थ पालटला. उलटपक्षी पारशी समाज लोकसंख्येने मूठभर असूनही ह्या बारमध्ये दुर्बळ कधीच राहिला नाही. तेव्हा येथे शिरगणतीपेक्षा कामाच्या ओघापासून कोण किती दूर होता, हीच कसोटी धरली आहे.

ह्या ओघाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील हकीकत उमगणार नाही. ओरिजिनल साइडवर, म्हणजे मुंबई शहरातील मोठ्या रकमांच्या दाव्यांत, बॅरिस्टराने अशिलाशी परस्पर व्यवहार करावयाचा नाही असा दंडक होता. अशील ॲटर्नीकडे किंवा सॉलिसिटरकडे जाई. सॉलिसिटर कागदपत्रे सिद्ध करी आणि ब्रीफ बांधून आपल्या पसंतीच्या बॅरिस्टराकडे धाडी. बॅरिस्टराने कामासाठी हात पसरणे शिष्टसंमत नव्हते. परिणामी नव्या बॅरिस्टराचे सारे भवितव्य थोड्याशा पेढ्यांच्या मर्जीवर अवलंबून राही, आणि आरंभी ह्या पेढ्या बहुतांशी इंग्रजांच्या होत्या. अपेलेट साइडची तऱ्हा निराळी होती. तेथे सॉलिसिटरची अट नव्हती. मुफसलातील वकील आपले अपील थेट मुंबईच्या वकिलाकडे पाठवू शकत. प्रतिष्ठा आणि पैसा पहिल्या बाजूला अधिक, तर मोकळीक दुसऱ्या बाजूला अधिक, असा हा भेद होता.

बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईच्या बारमधील पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. त्यांच्या बुद्धिमत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते यथार्थ आहे. परंतु त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन हे १८५८ मध्येच इंग्लंडात सॉलिसिटर म्हणून दाखल झालेले पहिले हिंदी गृहस्थ होते व मुंबईत व्यवसाय करीत होते, ही गोष्ट चरित्रलेखक एका वाक्यात उरकतात. वर सांगितलेली रचना ध्यानी घेता हे वाक्य मुळीच किरकोळ नाही. ज्या बाजारात सॉलिसिटरवाचून बॅरिस्टराला अस्तित्व नव्हते, त्या बाजारात बद्रुद्दीनांच्या घरातच सॉलिसिटर होता. पुढे १८९५ मध्ये ते न्यायाधीश झाले, १९०२ मध्ये हंगामी मुख्य न्यायाधीशही झाले. त्यांच्या मागोमाग १८६८ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेल्या फिरोजशहा मेहतांना मात्र आरंभीची बरीच वर्षे शहराबाहेरच्या, मुफसलातील कामांवर भर द्यावा लागला. दोघांच्या गुणांत असे काय अंतर होते? पारशांची स्थिती पुढे पालटली ती सॉलिसिटरीच्या धंद्यात त्यांचा शिरकाव झाल्यावर. दिनशा आणि रुस्तमजी ह्या मुल्ला बंधूंची पेढी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

आता चेंबरकडे वळू. महंमद अली जिना १८९६ मध्ये मुंबईस आले तेव्हा त्यांच्यापाशी ना घरचा सॉलिसिटर होता, ना शहरातील ओळखीपाळखी. काही काळ हलाखीत गेल्यावर त्यांना हंगामी ॲडव्होकेट जनरल मॅक्फर्सन यांनी आपल्या चेंबरमध्ये वाचनाची व कामाची मुभा दिली. हिंदी माणसाला मिळालेली ही पहिलीच अशी सवलत होती, असे सरोजिनी नायडूंनी लिहून ठेवले आहे. पुढे स्वतः जिनांच्या चेंबरमध्ये १९२२ नंतर एम. सी. छगला यांनी उमेदवारी केली. दाव्यातील नेमका मुद्दा हेरून तो न्यायाधीशापुढे स्वच्छ मांडावा कसा, हे आपण जिनांपासून शिकलो, असे छगलांनी 'रोझेस इन डिसेंबर' ह्या आत्मवृत्तात मोकळेपणाने म्हटले आहे. परंतु ही विद्या मिळाली तरी पहिली वर्षे त्यांची जवळजवळ बिनकामाचीच गेली. १९२७ ते १९३० ह्या काळात ते सरकारी विधी महाविद्यालयात शिकवीत होते. मॅक्फर्सन, जिना आणि छगला ह्या साखळीत धर्म व वंश आड आले नाहीत, हे खरे. पण साखळी विद्येची होती, कामाची नव्हती. छगला १९४७ मध्ये ह्याच न्यायालयाचे पहिले कायम हिंदी मुख्य न्यायाधीश झाले, हे आपण उत्तरार्धावरून पाहतो म्हणून पूर्वार्धातील रिकामी वर्षे डोळ्यांआड होतात.

स्त्रियांच्या बाबतीत ह्या दोन गोष्टींतील फरक अधिक उघड दिसतो. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या; पदवी मात्र विद्यापीठाने त्यांना १९२२ मध्ये दिली. ज्ञान होते, सनद नव्हती. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांवरील बंदी उठली आणि त्याच वर्षी लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा (विवाहानंतर लाम) ह्या मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. भुलाभाई देसाई यांनी त्यांना आपल्या चेंबरमध्ये घेतले व सुमारे तीन वर्षे त्या तेथे काम करीत होत्या. त्यांना पहिले ब्रीफ कसे मिळाले ही हकीकत मोठी बोलकी आहे. अशिलाची बाजू इतकी भक्कम होती की जय निश्चितच होता. तेव्हा प्रतिपक्षाला एका बाईकडून हरल्याची नामुष्की पत्करावी लागावी, एवढ्यासाठी ते ब्रीफ त्यांच्याकडे पाठविण्यात आले! गुजराती हिंदू ज्येष्ठाने पारशी तरुणीला शिष्या म्हणून घेण्यास काचकूच केली नाही. बाजाराने मात्र तिला काम दिले ते चेष्टेखातर.

असे का व्हावे? माझा तर्क असा आहे की, उमेदवाराला चेंबरमध्ये घेताना ज्येष्ठाला गमवावे लागणारे फारसे काही नसते. टाचणे काढणे, निवाडे धुंडाळणे, मसुदे लिहिणे ही कामे विनावेतन होतात आणि औदार्याचे श्रेयही पदरी पडते. ब्रीफ देणारा सॉलिसिटर मात्र अशिलाचा विश्वास पणाला लावीत असतो. अशिलाला वकील 'आपल्यातला' वाटला पाहिजे, ही सबब तेथे नेहमी हाताशी असते. ह्याला अपवाद नाहीत असे नव्हे. १९२२ ते १९३५ ॲडव्होकेट जनरल असलेले सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमधून एच. एम. सिरवई, नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी अशी मोठी परंपरा निघाली. तेथे विद्या आणि काम दोन्ही एकत्र आले. कारण चेंबरही वजनदार आणि सॉलिसिटरवर्गातही पारशी माणसे पुष्कळ. हा अपवाद मूळ विधानाला बळकटीच आणतो.

मिठन टाटांच्या आगेमागेच, १९२३ च्या जुलैत, ह्याच न्यायालयात डॉ. भीमराव आंबेडकर यांनी वकिलीस आरंभ केला. २८ जून १९२२ रोजी ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले होते. सनदेच्या खर्चासाठी त्यांना नवल भथेना ह्या पारशी मित्राने पैसे दिले. कोलंबिया व लंडन ह्या दोन विद्यापीठांत अभ्यास केलेला, त्यांच्या तोडीचा विद्वान त्या वेळी बारमध्ये क्वचितच असेल. परंतु सॉलिसिटरांच्या पेढ्या अस्पृश्य बॅरिस्टराशी व्यवहार करण्यास राजी नव्हत्या. ते अपेलेट साइडकडे वळले. मुफसलातील कामे घेऊ लागले. १९२५ ते १९२८ ह्या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. १९२८ मध्ये सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. चरित्रकार ह्या साऱ्याचा अर्थ पुष्कळदा असा लावतात की, त्यांचे मन वकिलीत नव्हते, ते समाजकार्यात होते. मला हा अर्थ अपुरा वाटतो. वर वर्णिलेल्या रचनेत ज्याच्याकडे ब्रीफ येणार नाही, त्याच्यापुढे मोकळे असलेले मार्ग नेमके हेच होते: अपेलेट साइड, मुफसल आणि अध्यापन. स्वभावाच्या खात्यावर जे टाकले गेले आहे त्यातील बराच भाग रचनेच्या खात्यावर मांडला पाहिजे.

त्यांना जी गाजलेली कामे मिळाली ती कोठून आली हेही पाहण्यासारखे आहे. 'देशाचे दुश्मन' ह्या पुस्तकावरून पुण्यात झालेल्या बदनामीच्या खटल्यात १९२६ मध्ये त्यांनी जेधे, जवळकर, बागडे आदी ब्राह्मणेतर मंडळींची बाजू लढवून त्यांना सोडविले. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात ते र. धों. कर्वे यांच्या वतीने उभे राहिले. ही कामे सॉलिसिटरच्या पेढीतून आलेली नव्हती. ती चळवळींतून आली. परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत येणारे गिरणगावातील गरीब अशीलही त्याच वाटेने येत. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात तर ते स्वतःच प्रतिवादी होते. डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झालेल्या त्या दाव्याचा शेवट १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने झाला. त्या वेळी ते ज्या विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावर होते, तेथे वकीलवर्गाची पुढची पिढी घडत होती. १९५६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले. एकेका होतकरूला हाताशी धरणारा ज्येष्ठ मिळण्याची वाट न पाहता संस्थाच उभारावी, हा त्यातील विचार मला चेंबरच्या परंपरेहून वेगळा आणि अधिक दूरदृष्टीचा वाटतो.

कायद्याने रचना हळूहळू सैल केली. १९२६ च्या बार कौन्सिल कायद्याने वकील आणि बॅरिस्टर यांतील अंतर कमी केले, तरी मुंबई व कलकत्ता येथील ओरिजिनल साइडचा सोवळेपणा शिल्लक राहिला. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने वकिलांचा एकच वर्ग केला. दुहेरी पद्धत १९७६ च्या दुरुस्तीने, १९७७ च्या आरंभापासून गेली. १९७८ मध्ये सुजाता मनोहर ह्या न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या व १९९४ मध्ये मुख्य न्यायाधीश. अमरावतीचे भूषण गवई १९८५ मध्ये वकिलीत आले ते माजी ॲडव्होकेट जनरल बॅ. राजा भोसले यांच्या हाताखाली, आणि १९८७ पर्यंत तेथे राहिले. २०२५ च्या मे ते नोव्हेंबर ह्या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते, ह्या पदावर पोहोचलेले दुसरे दलित व पहिले बौद्ध.

उमेदवारी विनावेतन असणे हा जो चेंबर-पद्धतीचा जुना गुणधर्म, त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मुंबईत राहते घर असलेल्या सॉलिसिटरपुत्राला तीन वर्षांची बिनपगारी परवडते, मराठवाड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला परवडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्येष्ठांनी कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, बंधन नव्हे.