हौशी, व्यावसायिक आणि ‘वॉरंटी’ : एका व्याख्येचा इतिहास

इंग्रजीतील ‘वॉरंटी’ आणि ‘गॅरंटी’ हे शब्द मुळात एकच होत. फ्रँक लोकांच्या भाषेतील आद्य ‘व’ नॉर्मंडीच्या बोलीत टिकून राहिला, पॅरिसकडच्या बोलीत त्याचा ‘ग’ झाला, आणि इंग्रजीने निरनिराळ्या काळी दोन्ही रूपे उचलली. ‘वॉर्डन’ व ‘गार्डियन’ ही जोडीही याच जातीची. मराठीचे काम ‘हमी’ या एका शब्दावर भागले आहे. मध्ययुगीन इंग्लंडात वॉरंटी प्रामुख्याने जमिनीची असे. जमीन देणाराने घेणाराच्या मालकीचे रक्षण करावयाचे आणि ते न साधल्यास तेवढ्याच मोलाची दुसरी जमीन द्यावयाची, असा तिचा अर्थ होता. हमी कोणास दिली आहे, हा प्रश्न त्या व्यवहारात संदिग्ध राहत नसे. विसाव्या शतकात तो संदिग्ध झाला, आणि ज्यांच्या बाबतीत झाला त्यांत व्यावसायिक मोजमाप-उपकरणे विकत घेणारा हौशी माणूस हे एक बोलके उदाहरण होय.

या हौशी वर्गाच्या वाढीस दुसऱ्या महायुद्धानंतरची परिस्थिती पोषक ठरली. १९४६ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी स्थापन झाली. विद्युत्-लहरींचे चित्र पडद्यावर उमटविणारा तिचा ‘५११’ हा ऑसिलोस्कोप १९४७ साली ७९५ डॉलरांस मिळे. त्याच वर्षी मिशिगन राज्यातील हीथ कंपनीने युद्धसामग्रीच्या शिलकीतील चित्रनळ्या वापरून सुट्या भागांचा ऑसिलोस्कोप पन्नास डॉलरांच्या आसपास विकावयास काढला. तो ग्राहकाने घरी बसून जोडावयाचा होता. हीथच्या हमीतील एक अट मोठी मासलेवाईक आहे : आम्लयुक्त डाख वापरल्यास हमी रद्द, आणि असा संच कंपनी दुरुस्तही करणार नाही. येथे ग्राहकाने यंत्र उघडणे हा दोष मानलेला नाही. उघडल्यावाचून यंत्र सिद्धच होत नव्हते. दोष होता तो अयोग्य डाख वापरण्याचा.

टेक्ट्रॉनिक्सचे गिऱ्हाईक निराळे, परंतु वृत्ती फारशी निराळी नव्हती. तिच्या माहितीपुस्तिकांत संपूर्ण मंडलांचे आराखडे, ठिकठिकाणचे अपेक्षित विद्युत्-दाब, लहरींची चित्रे आणि प्रत्येक भागाचा क्रमांक छापलेला असे. जोडण्यांसाठी ज्या चिनीमातीच्या पट्ट्या वापरल्या जात त्यांना चांदीमिश्रित डाख लागे. म्हणून त्या डाखाचे एक लहानसे रीळ यंत्राच्या पोटातच बसवून दिलेले असे. ही सोय प्रयोगशाळेतील तंत्रज्ञासाठी होती यात संशय नाही. पण दहा-वीस वर्षांनी तेच यंत्र जुन्या बाजारात ‘आहे त्या स्थितीत’ विकले गेले, आणि मूळ हमी केव्हाच संपलेली असली तरी पुस्तिका व ते रीळ हौशी खरेदीदाराच्या हाती आले. दुरुस्तीचा अधिकार म्हणून आज जे मागितले जाते ते त्या काळी कोणत्याही कायद्यात नव्हते; ते या कागदांत होते.

पुढे हे कागद दुबळे झाले. कंपन्या स्वतःच्या खास एकात्मिक मंडलांचा वापर करू लागल्या, तेव्हा आराखड्यात त्या जागी केवळ एक चौकोन व क्रमांक उरला. तो भाग मिळेनासा झाला की पुस्तिका असूनही यंत्र निरुपयोगी ठरे.

नेमक्या याच काळात कायदा पुढे आला. ४ जानेवारी १९७५ रोजी संमत झालेल्या अमेरिकेच्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने, हमी टिकविण्यासाठी अमुकच कंपनीचे भाग वापरा अगर अमुकाकडूनच दुरुस्ती करून घ्या अशी सशुल्क सक्ती करण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. मात्र हे संरक्षण ‘ग्राहकोपयोगी वस्तू’पुरते होते, म्हणजे सामान्यतः वैयक्तिक, कौटुंबिक वा घरगुती कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वस्तूपुरते. सारा भार ‘सामान्यतः’ या क्रियाविशेषणावर पडला. संघीय व्यापार आयोगाच्या स्पष्टीकरणानुसार एखाद्या विशिष्ट ग्राहकाने वस्तूचा उपयोग कसा केला हे निर्णायक नाही. त्या जातीच्या वस्तूचा घरगुती वापर असाधारण नसला म्हणजे पुरे, आणि संदेह असल्यास कौल संरक्षणाच्या बाजूने. स्वस्त बहुमापकाला ही कसोटी सहज लागू पडते. केवळ प्रयोगशाळांतच चालणारे महागडे यंत्र मात्र हौशी माणसाने स्वयंपाकघरातील मेजावर ठेवले तरी तेवढ्याने ग्राहकोपयोगी होत नाही.

दरम्यान यंत्राचे अंतरंगच पालटले. २०१० साली रायगोल या चिनी कंपनीचा ५० मेगाहर्ट्‌झचा ‘डीएस१०५२ई’ हा ऑसिलोस्कोप, आतील आज्ञावलीत मॉडेलची ओळख बदलताच १०० मेगाहर्ट्‌झचा होतो, हे हौशी मंडळींनी दाखवून दिले. डाखाचा एक थेंबही न वितळविता केलेला हा बदल ‘दुरुस्ती’ म्हणावा की ‘फेरफार’, याचे उत्तर जुन्या हमीपत्रांच्या भाषेत सापडणे कठीण. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीविषयक कायदा केला. त्यातूनही जी उपकरणे केवळ व्यवसाय-व्यवसायांतील करारांनी विकली जातात व किरकोळ विक्रीस येत नाहीत, ती वगळण्यात आली. शब्द बदलले, पण विभागणी राहिली.

या वस्तुनिष्ठ कसोटीच्या उलट दुसरी कसोटी व्यक्तीच्या हेतूची आहे. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशात आपल्या धंदा-व्यवसायाबाहेरील कारणासाठी खरेदी करणारी व्यक्ती ती ग्राहक, मग वस्तू कोणतीही असो. भारताच्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही ‘व्यापारी प्रयोजन’ वगळून हाच मार्ग धरला. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनात मोडत नाही, असे स्पष्टीकरण त्यास १९९३ साली जोडण्यात आले, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. या व्याख्येप्रमाणे निखळ हौशी माणूस ग्राहक ठरतो आणि त्याच उपकरणावर पोट भरणारा एकटा कारागीरही ठरतो. दिवसा कचेरीत नोकरी करणारा आणि रविवारी त्याच ऑसिलोस्कोपवर ओळखीच्यांचे ॲम्प्लिफायर मोबदला घेऊन दुरुस्त करणारा माणूस मात्र धड हौशीही राहत नाही आणि ‘केवळ उपजीविकेसाठी’ या शब्दांतही बसत नाही.