मोटारमार्ग आणि अपंग चालक

५ डिसेंबर १९५८ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी प्रेस्टन शहराला वळसा घालणारा सव्वाआठ मैलांचा रस्ता वाहतुकीस खुला केला. ब्रिटनचा हा पहिला मोटारमार्ग. पुढल्याच वर्षी एम-१ चा पहिला टप्पा सुरू झाला. या मार्गांवर पादचाऱ्यांना मज्जाव होता. वाहन बिघडल्यास ते थांबविण्यासाठी पुढे कडेची राखीव पट्टी आणि सुमारे मैला-मैलावर दूरध्वनी अशी व्यवस्था रूढ झाली. कडेच्या खुंटांवरील बाण जवळच्या दूरध्वनीची दिशा दाखवीत. तेव्हा चालकाला फार तर अर्धा मैल चालावे लागे. योजना चोख होती. परंतु चालकाला चालता येते, हे तिने गृहीत धरले होते.

त्याच काळी ब्रिटनमध्ये अपंगांच्या फिकट निळ्या तीनचाकी गाड्या धावत होत्या. बर्ट ग्रीव्हज यांनी आपल्या नात्यातील अर्धांगग्रस्त बंधू डेरी प्रेस्टन-कॉब यांच्यासाठी केलेल्या प्रयत्नातून ‘इन्व्हाकार’ जन्माला आली. सरकार अशा गाड्या अपंगांना विनामूल्य देई. मात्र तीत आसन एकच. गाडी वाटेत बंद पडली, तर उतरून मदत आणणारा सोबती नसे.

१९७६ साली अपंगांना प्रवासभत्ता मिळू लागला आणि १९७७ साली ‘मोटॅबिलिटी’ संस्था स्थापन झाली. भत्त्याच्या मोबदल्यात साधी मोटार भाडेपट्ट्याने मिळू लागली. जुन्या तीनचाकी गाड्या २००३ साली रस्त्यावरून कायमच्या हटविण्यात आल्या.

वाहन बदलले, तरी बिघाडाचा प्रश्न राहिलाच. ब्रिटिश वाहतूक-संहिता सांगते की, मोटारमार्गावर गाडी बंद पडली तर डाव्या दाराने उतरावे आणि कठड्यापलीकडे जावे. कारण थांबलेल्या वाहनावर मागून दुसरे आदळण्याचा धोका मोठा असतो. ज्याला उतरता येत नाही, त्याने आसनपट्टा बांधून आत बसावे, धोक्याचे दिवे चालू ठेवावेत आणि ९९९ या क्रमांकाला तात्काळ कळवावे. पूर्वी ‘मदत’ अशा अक्षरांची पताका लावण्याचाही सल्ला असे. म्हणजे इतरांनी ज्या जागेपासून दूर जावयाचे, तेथेच अपंगाने थांबावयाचे.

अशा चालकाला राखीव पट्टी हाच मोठा आधार होता. २००६ साली एम-४२ वर ती गर्दीच्या वेळी वाहतुकीस देण्यात आली. २०१४ पासून काही मार्गांवर ती कायमचीच गेली आणि ठराविक अंतरावर थांबे आले. तेथवर गाडी न पोहोचल्यास धावत्या वाहतुकीतच थांबणे आले. एप्रिल २०२३ मध्ये असे नवे मार्ग रद्द झाले. जुने मात्र राहिले. रस्ता आखताना, ज्याला उतरता येत नाही त्याच्यापासून विचार सुरू करणे, हाच या इतिहासाचा बोध होय.