डेव्हनचा पोटशूळ : सायडरच्या पिंपात दडलेले कारण

१/ अठराव्या शतकात इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात शरद ऋतू आला की पोटशुळाचे रुग्ण वाढत. पोटात असह्य पिळा पडे, वांत्या होत, कित्येक दिवस शौचास होत नसे. दुखणे लांबले की मनगटे लुळी पडत. काहींना झटके येऊन मृत्यू ओढवे.

२/ हाच काळ सफरचंदे पिळण्याचा. त्यांच्या आंबवलेल्या रसाला सायडर म्हणतात. शेतमजुरांच्या मजुरीचा काही भागही सायडरच्या रूपाने दिला जाई. प्लिमथचे वैद्य जॉन हक्सम यांनी १७३९ मध्ये या व्याधीचे सविस्तर वर्णन केले आणि दोष सायडरच्या आंबटपणाला दिला.

३/ डेव्हनमध्येच जन्मलेले वैद्य जॉर्ज बेकर यांना हे उत्तर पटले नाही. हेरफर्डशायरमध्येही लोक सायडर भरपूर पीत. मग तेथे हा रोग का नव्हता?

४/ फरक फळांत नव्हता, यंत्रांत होता. डेव्हनमध्ये सफरचंदे चिरडणाऱ्या दगडी चरकाचे सांधे शिशाने भरत, काही ठिकाणी दाबयंत्राला शिशाचा पत्रा मढवत. हेरफर्डशायरमध्ये ही पद्धत जवळजवळ नव्हती. बेकर यांनी रासायनिक परीक्षा केली : डेव्हनच्या सायडरमध्ये शिसे आढळले, हेरफर्डशायरच्या सायडरमध्ये नाही.

५/ पूर्वीचा दाखलाही होता. १६९० च्या दशकात जर्मनीतील उल्म येथे वैद्य एबरहार्ड गॉकेल यांना दिसले, की मठातील वाईन न पिणारे साधू या शुळापासून मुक्त आहेत. आंबट वाईन गोड व्हावी म्हणून तीत मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे भस्म, मिसळले जाई.

६/ बेकर यांचा निबंध १७६७ मध्ये लंडनच्या वैद्यांसमोर आला आणि डेव्हन खवळले. सायडर हा परगण्याचा मोठा व्यवसाय होता. बागायतदारांनी विरोध केला, धर्मोपदेशकांनी टीका केली. भूमिपुत्रच मातीशी बेइमान झाला, असा ठपका बेकर यांच्यावर आला.

७/ हक्सम सर्वस्वी चुकले नव्हते. आंबट रसच शिसे विरघळवून पेल्यापर्यंत आणत होता. पण विष आंबटपणाचे नव्हते. पुढील काही दशकांत सायडरच्या यंत्रांतून शिसे हळूहळू हद्दपार झाले आणि डेव्हनचा पोटशूळही ओसरला. सायडर मात्र तेथे आजही बनतो.