माहुली, शिवनेरी आणि घोड्यावरची गर्भवती

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसलात, तर आसनगाव जवळ आलं की डाव्या हाताची खिडकी गाठा. समोर माहुलीचा डोंगर उभा दिसेल. पळसगड, माहुली आणि भंडारदुर्ग अशी या दुर्गाची तीन अंगं. त्याच्या सुळक्यांना लोकांनी नवरा, नवरी आणि भटोबा अशी नावं देऊन तिथे कायमचं लग्न लावून ठेवलं आहे. पण आज मी सांगणार आहे ती या किल्ल्याशी जोडली गेलेली दुसरीच एक गोष्ट. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती लहानपणी ऐकली असेल, आणि शिक्षक बंधुभगिनींनी ती वर्गात सांगितलीही असेल.

गोष्ट अशी. शहाजीराजे माहुलीवर वेढ्यात सापडले. वेढा फोडून ते निघाले. बरोबर जिजाबाई, त्यांना सातवा महिना लागलेला. पाठलागावर कोण, तर त्यांचे जन्मदाते वडील लखुजी जाधवराव. घाट चढून घोडी दौडू लागली, पण जिजाबाईंना पुढे बसवेना. तेव्हा राजांनी त्यांना शिवनेरीवर ठेवलं आणि आपण पुढे गेले. तिथेच शिवरायांचा जन्म झाला.

उत्तरकालीन बखरींनी ही हकीकत सांगितली आणि जुन्या इतिहासकारांनी ती उचलली. ऐकताना अंगावर काटा येतो. पण इतिहासाची खोड अशी, की काटा ओसरला की तो तारखा विचारतो. आपणही फळ्यावर तीन तारखा मांडू या.

पहिली तारीख जन्माची. ग्रँट डफने १८२६ साली आपला इतिहास छापला, त्यात शिवरायांचा जन्म १६२७ चा धरला होता. पुढे जेधे शकावली उजेडात आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतानेही त्याच तिथीला दुजोरा दिला. महाराष्ट्र शासनाने २००१ साली हीच तारीख मान्य केली.

दुसरी तारीख लखुजी जाधवरावांच्या मृत्यूची. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस निजामशाही दरबारात त्यांचा दगा करून खून झाला. एकट्याचा नव्हे, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी व नातू यशवंतराव हेही त्याच दिवशी मारले गेले.

तिसरी तारीख माहुलीच्या वेढ्याची. निजामशाहीचा शेवटचा बालराजा सांभाळीत शहाजीराजे माहुलीवर झुंजले ते १६३६ साली. मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान या दोघांच्या फौजा त्या वेळी खाली होत्या.

आता मुलांनाच हिशेब करू द्या. फेब्रुवारी १६३० चा जन्म, तर सातवा महिना येतो १६२९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात. लखुजी त्याआधी चार महिने वारलेले. मेलेला बाप पाठलाग कसा करील? आणि माहुलीचा वेढा तर शिवराय सहा वर्षांचे झाल्यावरचा. म्हणजे दोन निरनिराळ्या काळांतल्या आठवणी लोकांनी एका दोऱ्यात ओवल्या.

मग गोष्ट टाकूनच द्यायची का? नाही. खोटी गाठ सोडवली की खरा धागा हाती लागतो. तोच हिशेब मागे नेऊन पहा. जुलै १६२९ मध्ये जिजाबाईंना जेमतेम तिसरा महिना होता. अशा दिवसांत एका वाड्यातून चार प्रेतं उठल्याची बातमी त्यांच्यापर्यंत आली. बाप गेला, दोन भाऊ गेले, भाचा गेला. बखरीतला पाठलाग करणारा बाप मोठा नाट्यमय खरा, पण खरं दुःख त्याहून भारी होतं. राज्यात धामधूम, कोण कोणाच्या बाजूचा ते कळेना. अशा वेळी राजांनी पत्नीला शिवनेरीवर ठेवलं. शिवभारत सांगतं की गडावरच्या विजयराजांची कन्या जयंती ही थोरल्या संभाजीराजांना दिलेली होती. म्हणजे गड तर अवघड होताच, शिवाय माणसं सोयरिकीतली होती. बाळंतपणाला बाईमाणसाला दोन्ही लागतं.

राहिला घोडा. घरंदाज बायका एरवी पालखीत किंवा मेण्यात बसत, पण पालखी भोयांच्या पायांनी चालते. निकड असली की घोड्याला पर्याय नसे. आणि मराठा बायका घोड्यावर बसत याला परक्यांचीही साक्ष आहे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई, या कागलच्या घाटग्यांच्या लेक. १८३३ साली त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. दोन वर्षांनी फत्तेगडला त्यांच्या छावणीत फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई भेटीस गेली. इंग्रज बायका तेव्हा दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून घोड्यावर बसत. छावणीतल्या बायकांना हे फारच वेडंवाकडं वाटलं. मग पार्क्सबाई स्वतः मराठी वेष करून दोन्हीकडे पाय टाकून बसली, आणि आपल्याकडची रीतच वेडेपणाची, असं तिने १८५० साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात कबूल केलं.

यातली मेख लुगड्यात आहे, बरं का. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट कापड, पण शिवण एकही नाही. कासोटा मागे खोचला की पाय दोन्ही मोकळे, रिकिबीत पाऊल घालायला अडचण नाही, मांडीला कापडाचं संरक्षण, आणि खाली उतरलं की तेच वस्त्र घरंदाज. नऊवारीची कमरेची गाठ पोटाच्या मानाने रोज थोडी सैल बांधता येते. गर्भारपणात निराळे कपडे करावे लागत नाहीत. आपल्या आजीपणजीच्या नेसण्यात केवढी सोय होती, ती अशी नजरेस येते.

परंतु, श्रोतेहो, सोय होती म्हणून गरोदर बाईने घोडा दौडवावा, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आपलं जुनं वैद्यकही तसं सांगत नाही. सुश्रुताने गर्भिणीला वर्ज्य गोष्टींत वाहनावर चढणं सांगितलं आहे, आणि चरकाने फार हादरे देणाऱ्या वाहनाचा धोका सांगितला आहे. आजचे डॉक्टरही तेच म्हणतात. पहिले तीन महिने गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आड असतं, पुढे ते वर येतं. मग घोड्यावरून पडलं तर मार सरळ पोटावर. त्यात सांधे सैल झालेले, तोलही बदललेला. कपडा कितीही सोयीचा असला तरी तो पडण्यापासून वाचवीत नाही. म्हणून बखरीतलं ते एक वाक्य मला सगळ्यांत खरं वाटतं: जिजाबाईंना पुढे बसवेना, आणि राजांनी त्यांना थांबवलं. त्या थांबल्या यात कमीपणा मुळीच नव्हता, शहाणपण होतं.

आता शेवटचं. माहुलीकडून शिवनेरीकडे जायचं तर वाट मुरबाडवरून, नाणेघाटाने जुन्नरला. सातवाहनांच्या काळापासूनची ही घाटवाट. नागनिका राणीचा लेख तिथल्या लेण्यात कोरलेला आहे. याच शहापूर-मुरबाडच्या डोंगरातल्या काही पाड्यांवरून अलीकडच्या वर्षांतही, रस्ता नसल्यामुळे अडलेल्या बाईला चादरीची झोळी करून गाडीपर्यंत आणल्याच्या बातम्या छापून आल्या आहेत. पावसात, चिखलात, ओढ्यातून. शिवजयंतीला आपण शिवनेरीचा पाळणा गातो. त्या पाळण्याच्या आधी एका गर्भवतीला वेळेवर सुरक्षित जागा मिळाली होती, हे विसरतो.

तेव्हा गुरुजी, बाई, पुढल्या वर्षी ही गोष्ट सांगाल तेव्हा फळ्यावर त्या तीन तारखा जरूर लिहा. मुलं स्वतःच चूक शोधतील आणि त्यांना मौज वाटेल. मग एक प्रश्न विचारा, आपल्या गावापासून दवाखाना किती दूर, आणि पावसाळ्यात ती वाट चालू असते का? उत्तर मुलांकडून आलं, तर त्याच दिवशी सरपंचांच्या कानावर घाला. जिजाऊंचं स्मरण असंही करता येतं.