बैलाच्या दमाचा रस्ता

घाटाचा स्वभाव सायकलवरून जितका कळतो, तितका दुसऱ्या कुठल्याही वाहनातून कळत नाही. मोटारीत बसलेल्या माणसाला चढ आल्याचं इंजिनाच्या आवाजावरून समजतं आणि तो आपलं बोलणं पुढे चालू ठेवतो. सायकलवाल्याचं बोलणं मात्र पहिल्याच वळणावर थांबतं. मग उरतो तो आपला श्वास, साखळीची कुरकुर आणि पुढचा दहा हात रस्ता. हा रस्ता कुणी, कशासाठी आणि कुणाच्या ताकदीचा विचार करून बांधला असेल, असे प्रश्न तेव्हा आपोआप मनात येतात.

आज मी तुम्हाला अशाच एका रस्त्याची हकीकत सांगणार आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरातून निघून सावंतवाडी, माडखोल, दाणोलीवरून आंबोलीचा घाट चढणारा आणि पुढे चंदगड तालुक्यातून बेळगावला पोहोचणारा हा रस्ता. लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. मी तो प्रथम चढलो तेव्हा माझ्याकडे साधी, एकाच गतीची जड सायकल होती. ‘चढलो’ असं म्हणतो खरा, पण निम्मा घाट मी सायकल हातात धरून चाललो होतो.

या रस्त्याची सुरुवात समुद्रावर होते. वेंगुर्लं हे जुनं बंदर. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही गावात पाहायला मिळतात. 1812 साली सावंतवाडी संस्थानाने वेंगुर्लं इंग्रजांना दिलं. सहा वर्षांनी, 1818 मध्ये, बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि तिथे लष्कराची मोठी छावणी पडली. छावणी घाटावर आणि बंदर घाटाखाली. सैन्याला लागणारं सामान जहाजातून वेंगुर्ल्याला उतरायचं आणि तिथून सह्याद्री चढून वर जायचं. त्यामुळे वेंगुर्ला ते बेळगाव ही वाट एकाएकी महत्त्वाची झाली.

वाटा काही तेव्हाच जन्मल्या नव्हत्या. कोकणातलं मीठ, नारळ, सुकी मासळी वर न्यायची आणि देशावरचं धान्य, गूळ खाली आणायचा, हा व्यवहार फार जुना. तो चालायचा पाठीवर गोणी घेतलेल्या बैलांच्या तांड्यांवर. पाठीवर ओझं घेतलेला बैल अरुंद आणि चांगल्या उभ्या वाटेनेही जातो. त्याला रुंदी लागत नाही, पूल लागत नाहीत. गाडी जोडली की मात्र सगळं गणित बदलतं. गाडीला सपाटी हवी, वळायला जागा हवी आणि मुख्य म्हणजे चढ बेताचा हवा.

छावणीसाठी आधी वापरात होता तो रामघाट. 1820च्या दशकात त्याचा रस्ता करण्यात आला, पण त्याचा चढ फार उभा होता. भरलेली गाडी वर नेणं म्हणजे बैलांचे हाल. अखेर 1860च्या दशकाच्या शेवटी शेवटी उत्तरेकडच्या पारपोली गावाच्या बाजूने नवा गाडीरस्ता काढण्यात आला. तोच आपला आंबोलीचा घाट. त्या काळच्या कागदपत्रांत त्याला पारपोली घाटच म्हटलेलं आढळतं. वर आंबोलीला वाटेवरचा मुक्काम झाला आणि पुढे त्या मुक्कामाचंच थंड हवेचं ठिकाण बनलं.

या घाटाच्या आखणीत एक शहाणपण आहे. सावंतवाडी समुद्रसपाटीपासून शंभरएक मीटरवर, तर आंबोली सातशेच्या जवळपास. म्हणजे सहाशे मीटर उंची गाठायची. सरळ वर गेलं तर रामघाटाची गत होणार. म्हणून रस्ता डोंगराच्या कुशीतून लांबवत नेला. गाडीघाटांसाठी ढोबळ हिशेब असा असायचा, की वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. भरल्या गाडीची बैलजोडी एवढा चढ दम न तुटता चढू शकते. अवघड वळणावर चढ आणखी कमी ठेवायचा, म्हणजे जनावराला क्षणभर उसंत मिळते आणि गाडी मागे सरकत नाही.

सायकलवरून जाताना या आखणीचा अर्थ पायांना कळतो. चढ सतत आहे, पण कुठेही छातीवर येत नाही. पाय थकू लागतात तेवढ्यात वळण येतं, पायावरचा भार जरा हलका होतो, दोन श्वास मिळतात आणि पुन्हा चढ सुरू होतो. माणसाचे पाय आणि बैलाचे खांदे यांची ताकद वेगळी असली, तरी दोघांचीही अडचण एकच: दम पुरवून वापरावा लागतो. बैलासाठी केलेली सोय दीडशे वर्षांनंतर सायकलवाल्याच्या उपयोगी पडते, ती यामुळेच. आताच्या गिअरच्या सायकलीवर हा घाट थोडा सराव असलेला माणूस न उतरता चढू शकतो. माझ्या त्या जुन्या सायकलीने मला चालायला लावलं, त्यात घाटाचा दोष नव्हता.

मग हा रस्ता शांत कसा झाला? इथे इतिहासाने एक वळण घेतलं. 1887-88च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोहोचली आणि लोंढा, कॅसलरॉकमार्गे गोव्यातल्या मुरगाव बंदराशी जोडली गेली. घाटावरचा माल आता रेल्वेने थेट दुसऱ्याच बंदराला जाऊ लागला. वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. घाट बांधून जेमतेम वीस वर्षं झाली होती. ज्यासाठी एवढा डोंगर फोडला, ते कामच दुसरीकडे निघून गेलं. स्थानिक बैलगाड्या चालतच राहिल्या, पुढे मोटारी आणि एसटी आली, पण देशावरच्या मोठ्या व्यापाराची वाट म्हणून या रस्त्याचा जो मान होता, तो परत आला नाही. 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि याच रस्त्यावर शिनोळीच्या पुढे राज्याची सीमा आली. दोन्हीकडची माणसं मराठीच बोलतात, पण एका रस्त्याची देखभाल दोन राज्यांकडे वाटली गेली.

आपण हौशी सायकलवाले ‘शांत रस्ता’ म्हणून ज्याचं कौतुक करतो, त्याची शांतता अशी कमावलेली असते. आधी तिथे गजबज होती. ती हलली, म्हणून आपल्याला पाखरांचे आवाज ऐकू येतात. हे मला दाणोलीच्या पुढे एका चहाच्या टपरीवर नीट उमगलं. रस्ता किती निवांत आहे, असं मी उत्साहाने म्हणालो. टपरीवरचे म्हातारे आजोबा चहा गाळता गाळता म्हणाले, “तुमका शांत बरा वाटता. आमची येष्टी चुकली काय दिस गेलो.” त्यांचे आजोबा गाडीवान होते. रात्री पाच-दहा गाड्या एकत्र निघायच्या, पुढच्या गाडीला कंदील असायचा, उतारावर चाक आवळून धरायला लाकूड अडकवायचे, असं सगळं त्यांनी ऐकलेलं होतं. नातवाच्या वाट्याला टपरी आली आणि टपरीवर थांबायला माणसं कमी.

आज या रस्त्याचे दोन भाग पडले आहेत. आंबोलीचा घाट आता संकेश्वर-बांदा राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्याखाली गाड्यांची अशी रांग लागते, की सायकलवाल्याने तिकडे फिरकू नये. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धुकं, दरडी आणि निसरडा रस्ता हे तर आहेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला कामाचा दिवस निवडावा, उजाडताना दाणोली सोडावी आणि ऊन चढायच्या आत माथा गाठावा. वर आल्यावर बेळगावची उंचीही आंबोलीपेक्षा थोडीच जास्त असल्यामुळे पुढे मोठा घाट नाही, नुसती चढउताराची माळरानं. महामार्ग आजऱ्याकडे वळतो आणि कानूर, शिनोळीकडे जाणारा जुना बेळगाव रस्ता वेगळा होतो. काजूच्या बागा, भाताची खाचरं आणि मधूनच एखादी एसटी. एकेकाळचा मुख्य रस्ता तो हाच. खाली वेंगुर्ल्याकडेही मठ, होडावडे, तळवडे अशी गावं जोडत जाणारा भाग सायकलला मानवणारा आहे.

नवे रस्ते व्हायला नकोत, असं मी म्हणणार नाही. टपरीवरच्या आजोबांना वेळेवर एसटी हवी आहे, आजारी माणसाला लवकर दवाखान्यात न्यायचं आहे. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाचा प्रस्ताव आला, त्याला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी 2024 मध्ये जोरदार विरोध केला. हे वाद ज्यांच्या जमिनी आहेत त्यांच्या मताने सुटायला हवेत. माझं म्हणणं एवढंच, की नवा रस्ता झाल्यावर जुन्याला वाऱ्यावर सोडू नये. मोऱ्या साफ ठेवल्या, कडेची झाडं राखली आणि खड्डे बुजवले, तर जुना रस्ता गावाची एसटी, शाळेला जाणारी मुलं, पाववाल्याची सायकल आणि आपल्यासारखे चार वाटसरू यांना आणखी शंभर वर्षं पुरेल. किल्ल्यांना आणि लेण्यांना आपण वारसा म्हणतो. बैलाचा दम मोजून आखलेल्या चढाला तसं म्हणायची आपल्याला अजून सवय नाही.

पुढच्या खेपेला आंबोलीच्या घाटात गेलात, तर एखाद्या वळणावर थोडं थांबा आणि पायाखालचा रस्ता नीट पाहा. तिथे चढ किंचित कमी झालेला दिसेल. ती उसंत कुणासाठी ठेवली होती, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)