११९९ सीसी: हा आकडा आला कुठून?

आज आधी एक छोटं काम करा. महाराष्ट्रात तयार झालेल्या तीन गाड्यांची माहितीपत्रकं शेजारी-शेजारी ठेवा. रांजणगावची टाटा नेक्सॉन: लांबी ३,९९४ मिलिमीटर, बीएस-६ पेट्रोल इंजिन ११९९ सीसी. नाशिकची महिंद्रा एक्सयूव्ही ३००: लांबी ३,९९५ मिलिमीटर, पेट्रोल इंजिन ११९७ सीसी. चाकणची जुनी पोलो जीटी टीएसआय: लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पुन्हा ११९७ सीसी. तिन्ही कंपन्या वेगळ्या, अभियंते वेगळे, एकीचं तर मुख्यालय जर्मनीत. तरी आकडे एकाच रेषेवर येऊन थांबलेत, आणि तेही अगदी थोडे मिलिमीटर, एक ते तीन सीसी राखून.

इतका सारखेपणा दिसला की निसर्गनियमाच्या आधी सरकारी कागद शोधायचा. ही सवय संशोधनात फार कामाला येते. इथे तो कागद म्हणजे २००६-०७ चा केंद्रीय अर्थसंकल्प. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. पण 'लहान गाडी' म्हणजे नेमकी कोणती? व्याख्या अशी झाली: लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. आता पहिल्या दोन गाड्यांची डिझेल इंजिनं बघा. दोन्ही १४९७ सीसी! २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ही व्याख्या तशीच पुढे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के झाले, तेव्हाही १२०० आणि ४,००० हे आकडे जागचे हलले नाहीत.

लगेच "मिळालं उत्तर" म्हणून वही मिटू नका. अपवाद शोधा. चाकणलाच तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन चार मीटरपेक्षा लांब आहेत, म्हणजे करसवलत नाहीच. तरीही त्यांचं छोटं इंजिन फक्त ९९९ सीसीचं. का? कारण ते इंजिन मुळात युरोपसाठी घडलं. युरोपीय संघाने २००९ मध्ये नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडवर सरासरी मर्यादा घातली: २०१५ पर्यंत किलोमीटरमागे १३० ग्रॅम, पुढे ९५. त्यातून वाट काढायला तिथल्या कंपन्यांनी इंजिनं लहान केली आणि त्यांना टर्बो लावला. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाचे आई-बाप दोन: दिल्लीचा कर आणि युरोपचा धूर-नियम. एकच कारण धरून बसलात तर निम्मी गोष्ट सुटते.

आता विज्ञानाकडे येऊ. कायद्याने इंजिन लहान करता येतं, पण त्यातून ताकद कशी काढायची? इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जितकी हवा आत, तितकं पेट्रोल जाळता येतं. मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवा (निदान सिनेमातली तरी). १०८९ सीसी, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. टायगुनचं ९९९ सीसी इंजिन ११५ पीएस देतं. क्षमता कमी, ताकद जवळजवळ तिप्पट. हिशोब स्वतः करून बघा: १७८ न्यूटन-मीटर टॉर्कला ४π ने गुणा आणि ०.०००९९९ घनमीटरने भागा. पिस्टनवरचा सरासरी परिणामी दाब येतो सुमारे २२ बार. टर्बो नसलेल्या चांगल्या इंजिनात हाच आकडा ११-१२ च्या घरात असतो. या गाडीच्या देखभालीत जे जे वेगळं आहे, ते सगळं या दुप्पट दाबातून आणि त्यासोबतच्या उष्णतेतून येतं.

कल्पना मात्र जुनी आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जवळपास एक तृतीयांश भाग गरम धुरासोबत सायलेन्सरमधून निघून जातो. त्या धुरावर चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची, याचं पेटंट आल्फ्रेड ब्यूची या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये घेतलं. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी विमान इंजिन पाइक्स पीक डोंगरावर, ४,३०० मीटर उंचीवर नेलं. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर विरळ हवेत २३० वर आलं होतं, टर्बो जोडल्यावर ३५६ झालं. आपलं बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, इथे फरक थोडाच पडतो. पण तत्त्व तेच.

पेट्रोल मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये, आणि ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत हवा दाबली की इंजिन 'ठोकायचं', म्हणजे मिश्रण ठिणगीनंतर शिस्तीत जळण्याऐवजी मध्येच भडकायचं. कंपनीने उपाय काढला: पाणी आणि मिथेनॉल यांचा फवारा. त्यासाठी वेगळी टाकी दिली आणि द्रवाला 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असं भारी नाव दिलं. टाकी मालकाने भरायची होती. मालक भरेनात. द्रव संपला की गाडी मुद्दाम मंद व्हायची, आणि तक्रारी वाढल्या. शेवटी कंपनीनेच अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. यंत्र बरोबर होतं, पण माणूस ते कसं सांभाळेल हा अंदाज चुकला. स्वीडनच्या साब कंपनीने १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दशकात हीच अडचण दुसऱ्या बाजूने सोडवली. जादा धूर बाजूने सोडणारी झडप आणि ठोका ऐकणारा सेन्सर बसवून मालकाच्या आठवणीवरचा भार काढून टाकला.

म्हणून माझं म्हणणं असं की सर्व्हिस बुकातली प्रत्येक सूचना ही कधीतरी घडलेल्या बिघाडाची नोंद आहे. ती कुठल्या काळातली हे ओळखता आलं पाहिजे.

उदाहरण घ्या. चिखली-खामगावकडच्या कुठल्याही गॅरेजात जा, मिस्त्री सांगणारच: "भाऊ, गाडी थांबली का लगेच बंद नका करू, टर्बो हाय तो. दोन मिनिटं चालू राहू द्या." हा सल्ला कुठून आला? सुरुवातीचे टर्बो फक्त ऑइलवर थंड व्हायचे. इंजिन बंद झालं की ऑइलचा प्रवाह थांबायचा, आणि लालबुंद चक्राजवळच्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा व्हायचा. १९८० च्या दशकात बेअरिंगभोवती पाणी खेळवायला सुरुवात झाली. आता कित्येक इंजिनांत गाडी बंद केल्यावरही छोटा विजेचा पंप पाणी फिरवत राहतो. पंखा घरघरतो तो बिघाड नव्हे. मग मिस्त्रींचा सल्ला कालबाह्य का? गावातल्या गावात फिरताना, हो, बऱ्याच अंशी. पण समृद्धी महामार्गावर एसी लावून तासभर १२० ने आलात, बाहेर मे महिन्याचं ४० च्या वरचं ऊन, आणि मेहकरला उतरून हॉटेलसमोर खटकन चावी फिरवलीत, तर तो सल्ला अजूनही खरा आहे. डिझेलच्या तुलनेत पेट्रोलचा धूर जास्त गरम असतो, पूर्ण ताकदीला ९०० अंशांच्या वरही जातो. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवलं तरी काम भागतं.

दुसरी गोष्ट मात्र जुन्या मिस्त्रींच्या अनुभवात नव्हतीच, कारण ती नवी आहे. मोताळ्याहून राजूर घाट चढताना गाडी भरलेली आहे, गिअर चौथा, इंजिन १५०० फेऱ्यांवर, आणि पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला. जुन्या गाडीत अशा वेळी ती कुरकुरायची आणि आपण गिअर खाली घ्यायचो. टर्बो इंजिन कमी फेऱ्यांतही ओढतं, म्हणून गिअर बदलायची आठवणच होत नाही. पण याच अवस्थेत सिलिंडरमध्ये ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेटतो आणि क्वचित पिस्टन फोडतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी छोटी टर्बो इंजिनं पसरली तसा हा प्रकार समोर आला. शोध घेता घेता बोट गेलं ऑइलकडे: त्यातल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटमुळे हा धोका वाढतो असं दिसलं. म्हणून २०१८ मध्ये 'एपीआय एसएन प्लस' आणि मे २०२० मध्ये 'एपीआय एसपी' हे दर्जे आले. डब्यावरची ती दोन अक्षरं सहसा कुणी वाचत नाही, चिकटपणाचा आकडा तेवढा बघतात. दोन्ही बघा.

इनटेक वॉल्व्हवरचा कार्बन काढून घ्या असाही सल्ला सर्रास मिळतो. थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल वॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथे थर साचतो हे खरं. पण नेक्सॉनच्या १.२ इंजिनात पेट्रोल वॉल्व्हच्या आधीच फवारलं जातं, वॉल्व्ह आपोआप धुतला जातो. दोन्हीला 'टर्बो पेट्रोल' एवढंच म्हणून एकच खर्च सांगणं चुकीचं. हवेच्या फिल्टरबाबत मात्र तडजोड नको. सोयाबीन काढणीच्या दिवसांतली इथली धूळ आणि मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फिरणारं चक्र यांची गाठ पडू न देणं बरं. धुळीच्या आणि छोट्या-छोट्या फेऱ्यांच्या वापराला बहुतेक सर्व्हिस बुकं 'खडतर वापर' धरतात आणि ऑइल लवकर बदलायला सांगतात. वर्षाला चारच हजार किलोमीटर झाले म्हणून ऑइल दोन वर्षं ठेवणं यात बसत नाही.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर मारुती आणि फोक्सवॅगनसारख्या कंपन्यांनी डिझेल सोडलं, आणि छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांची चलती झाली. त्या वेळच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आपल्या भागात येतायत. कंपनीचं सर्व्हिस सेंटर लांब, सर्व्हिस बुक पहिल्या मालकाकडेच राहिलेलं. टर्बो गेला तर खर्च असा की घेणाऱ्या कुटुंबाचं वर्षाचं गणित बिघडावं. आणि ही इंजिनं इथल्या उन्हाधुळीत प्रत्यक्षात कशी टिकली, याची नोंद माहितीपत्रकात नाही, ती गॅरेजच्या हिशोबाच्या वहीत आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासावर लघुप्रबंध करायचा असेल तर विषय दारातच आहे. ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे जा, चहा घ्या, परवानगी मागा. वही मिळाली तर गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर झाकून पहिल्या पानापासून फोटो काढा, आणि ऑइल कुठलं घातलं तो रकाना धूसर येऊ देऊ नका.