कोटेशनचा कागद

ज्या काळी घरचा संगणक ही पेटीबंद विकत आणण्याची वस्तू नसून सुटे भाग निवडून जुळवून घेण्याची वस्तू होती, त्या काळाचे दफ्तर कोणी जपून ठेवलेले नाही. कारण ते दफ्तर म्हणजे दुकानदाराने पॅडवर भराभर खरडून गिऱ्हाइकाच्या हाती दिलेला एक कागद, आणि त्या कागदाची मुदत पुढला भाव फुटेपर्यंत, म्हणजे फार तर आठवडाभराची असे. तरीही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या मध्यमवर्गाने यंत्रावर पैसा कसा वेचला, कोठे हात सैल सोडला आणि कोठे आखडता घेतला, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याला प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, कॅबिनेट अशा ओळींच्या त्या यादीइतके प्रामाणिक साधन दुसरे मिळणार नाही. ज्याच्यापाशी रक्कम अमाप त्याला निवड करावी लागत नाही आणि ज्याच्यापाशी ती अगदीच तुटपुंजी त्याला निवड करता येत नाही. मधल्या रकमेच्या धन्याला मात्र एका ओळीत वाढविलेले हजार रुपये दुसऱ्या ओळीतून काढावेच लागतात, आणि ते कोणत्या ओळीतून काढावयाचे याचे उत्तर दर चार-पाच वर्षांनी बदलत गेले, हाच या धंद्याचा इतिहास होय.

मुंबईत या इतिहासाची भूमी म्हणजे ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. महापालिकेच्या दप्तरी त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव बाजाराच्या जिभेवरून अद्याप उतरलेले नाही. (हे गृहस्थ त्यापूर्वी क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते आणि तेथे त्यांच्या नावाचा खोबऱ्यात घोळलेला केक प्रसिद्ध आहे; 1940 साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी एक यांच्या हाताला लागली होती. रस्त्यांची नावे किती दूरच्या गोष्टी वागवीत असतात!) ज्या मिनर्व्हा चित्रगृहात ‘शोले’ पाच वर्षे चालला ते याच रस्त्यावर, आणि चित्रपटवितरकांच्या कचेऱ्यांची नाझची इमारतही येथलीच. या सिनेमाच्या गजबजाटात रेडिओचे व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, रोधक, स्पीकर आणि पुढे दूरचित्रवाणीसंचांचे भाग विकणारी दुकाने अगोदरपासून बसलेली होती; तेव्हा सुटा भाग मोजून विकणे, तो बिघडल्यास बदलून देणे आणि कोणता भाग कशाशी जुळतो हे तोंडपाठ असणे, ही विद्या संगणक येण्यापूर्वीच त्या वस्तीत मुरलेली होती.

परंतु नुसत्या दुकानदारांच्या विद्येने हा धंदा उभा राहिला नसता. 12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा घाईपोटी त्या बलाढ्य कंपनीने एक असे धोरण स्वीकारले की ज्याचा पश्चात्ताप तिला पुढे अनेक वर्षे झाला असावा: प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि यंत्राच्या आतील रचनेचा सारा तपशील तांत्रिक पुस्तकात छापून प्रसिद्ध केलेला. तिच्या मक्त्याची अशी एकच वस्तू उरली, ती म्हणजे यंत्र सुरू होताच चालणारी बायॉस नावाची आज्ञावली. आणि कॉम्पॅक कंपनीने मूळ आज्ञावली न पाहता केवळ तिच्या वर्तनावरून नवी लिहवून घेतली, तर 1984 साली फिनिक्स कंपनीने अशीच आज्ञावली वाटेल त्याला विकावयास काढली, तेव्हा तोही मक्ता संपला. त्यानंतर तैवानातील गिगाबाइट, एमएसआय, असूस अशा कारखान्यांनी मदरबोर्ड घडवावेत, त्यांवर कोणाचाही रॅम आणि कोणाचीही डिस्क बसावी, आणि सर्वांनी मिळून एकच यंत्र व्हावे, हे शक्य झाले.

आपल्या देशात ते शक्य होण्यास आणखी काही काळ जावा लागला. परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी मान्य नसल्याने आयबीएम 1978 साली भारतातून निघून गेली होती, आणि संगणक आणावयाचा म्हणजे परवान्यासाठी दिल्लीच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजविणे आले. नोव्हेंबर 1984 मध्ये राजीव गांधींच्या सरकारने जाहीर केलेल्या संगणक-धोरणाने भागांवरील आयातशुल्क उतरविले आणि लहान उत्पादकांना वाट मोकळी करून दिली. 1991 नंतर परवान्यांचा अंमल ढिला झाला. 1997 साली भारताने माहिती-तंत्रज्ञानाच्या जागतिक करारावर सही केली, त्यानुसार 2005 पर्यंत या मालावरील शुल्क शून्यावर आणावयाचे होते. शुल्क असे पायरीपायरीने उतरत असताना चोरवाटेने आलेला माल आणि रीतसर आलेला माल यांच्या भावातील तफावतही उतरत गेली, आणि ‘बिल हवं का?’ हा काउंटरवरचा प्रश्न हळूहळू मागे पडला. महापालिकांची जकात मात्र पुण्यात 2013 पर्यंत व मुंबईत 2017 पर्यंत टिकून राहिली.

आता त्या कागदावरील ओळींकडे वळू. नव्वदीच्या मध्यावर साऱ्या यादीवर सत्ता चालत होती ती रॅमची. ऑगस्ट 1995 मध्ये विंडोज 95 आले. त्याच्या खोक्यावर चार मेगाबाइटची अट छापलेली असली तरी तेवढ्यावर ते रांगत चाले आणि आठ मेगाबाइटवर उठून उभे राही, एवढे दुकानातला पोऱ्याही सांगे. परंतु त्या काळी स्मृतीच्या पट्टीचा भाव रोजच्या भाजीसारखा चढे-उतरे. जुलै 1993 मध्ये जपानातील नीहामा येथे सुमितोमोच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला. चिपांच्या आवरणासाठी लागणाऱ्या राळेचा जगातील निम्म्याहून अधिक पुरवठा तेथून होत असे, त्यामुळे जगभर रॅमचे भाव भडकले. पुढे 1996 साली उत्पादन फाजील झाल्याने तेच भाव कोसळले, आणि सप्टेंबर 1999 च्या तैवानातील भूकंपाने ते पुन्हा उसळले. ग्रँट रोडच्या पुलाखालून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला नीहामा हे नाव ऐकूनही ठाऊक नसे, पण त्याच्या यादीतील दुसरी पट्टी ‘पुढल्या दिवाळीला टाकू’ म्हणून खोडली जाई ती अशाच कारणांनी. माझ्या मते त्या काळी प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन रॅम दुप्पट करणारा मनुष्य सर्वांत शहाणा होता; परंतु पेंटियमच्या जाहिरातींपुढे हे शहाणपण क्वचितच टिके.

प्रोसेसरचे राज्य खऱ्या अर्थाने आले ते 1998 साली, आणि तेही एका स्वस्त वस्तूच्या रूपाने. इंटेलने त्या वर्षी सेलेरॉन नावाचा उतरत्या किमतीचा प्रोसेसर काढला, तो दुय्यम कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची झटपट स्मृती, नसल्याने इतका मंद निघाला की त्याची चेष्टा झाली. म्हणून ऑगस्टमध्ये 300ए ही सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात 128 किलोबाइट कॅश प्रोसेसरच्याच चिपेवर आणि त्याच्याच गतीने चालणारी घातलेली होती. 66 मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या वाहिनीवर, चालावयास केलेला हा प्रोसेसर 440बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बसवून बस 100 वर नेली, की तो बहुधा तक्रार न करता 450 मेगाहर्ट्झवर धावे आणि इंटेलच्याच सर्वांत महाग पेंटियम टूच्या पंक्तीला जाऊन बसे. यासाठी बोर्ड चांगला हवा आणि पंखा मोठा हवा. म्हणजे प्रोसेसरच्या ओळीतून वाचलेली रक्कम बोर्डाच्या ओळीत घालावयाची. मुंबईच्या मे महिन्यात या धाडसाची परीक्षा होई. तरीही कंपनीने ठरविलेली प्रतवारी गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने उलथून टाकावी, असा प्रसंग या धंद्यात त्यानंतर इतक्या स्वस्तात फारसा आला नाही.

ज्या ओळीकडे मात्र कोणीच पाहिले नाही, ती विद्युत्पुरवठ्याची, म्हणजे एसएमपीएसची. पुष्कळदा तिला स्वतंत्र ओळही नसे; ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ असे लिहून दोन्हींचा मिळून एकच आकडा घातला जाई, आणि हजार-दीड हजाराच्या त्या आकड्यात पत्र्याचे किती व तारेचे किती हे विचारण्याची पद्धत नव्हती. डब्यावर चारशे-साडेचारशे वॉट छापलेले असत. पण हातात घेतला की तो पोकळ डब्यासारखा हलका लागे, आणि जाणता मेकॅनिक छापलेल्या आकड्याऐवजी वजनावरूनच त्याची पारख करी. प्रोसेसरला मेगाहर्ट्झ होते, डिस्कला गिगाबाइट होते, मॉनिटरला इंच होते. ज्या वस्तूच्या गुणवत्तेला शेजाऱ्याला सांगण्याजोगा आकडा नाही तिच्यावर मध्यमवर्ग पैसा खर्चीत नाही, असे खेदाने म्हणावे लागते. जुन्या एटी पद्धतीच्या पुरवठ्यातून बोर्डाला जाणारे दोन जुडगे असत, ते जोडताना काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून याव्यात असा दंडक होता. तो चुकला तर बोर्ड जळून जाई. 1995 साली इंटेलने एटीएक्स ही नवी मांडणी आणली, तीत एकच जुडगा आला आणि हे संकट टळले. परंतु मागील बाजूचा 115 की 230 व्होल्ट हे ठरविणारा लाल खटका पुढेही कित्येक वर्षे राहिला, आणि तो 115 वर असताना कोणी बटण दाबले तर जो आवाज होई तो त्या दुकानात पुष्कळ दिवस आठवला जाई. त्यातच साधारण 1999 ते 2007 या काळात सदोष कपॅसिटरांची साथ आली: बोर्डावरील त्या बुटक्या नळकांड्यांची डोकी फुगत, त्यांतून तपकिरी द्रव झिरपे आणि चांगले चालते यंत्र एके दिवशी उभेच राहत नसे. पुरवठ्याची कार्यक्षमता प्रमाणित करणारी 80 प्लस ही योजना 2004 साली निघाली, आणि तेव्हा कोठे या ओळीलाही सांगण्याजोगे बिरुद मिळाले. ते मिळताच लोक तिच्यावर पैसे खर्चू लागले, हे नमूद करण्याजोगे आहे.

याच संदर्भात मुंबईची यादी आणि मुलुखाची यादी यांत एक भेद होता. मुंबई शहर भारनियमनातून बहुतांशी सुटलेले असल्याने तेथील गिऱ्हाईक यूपीएस ही ऐच्छिक बाब समजे. परंतु 2005 नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या उर्वरित भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि लातूर, जळगाव, यवतमाळ येथून येणारा मनुष्य प्रथम यूपीएसचा भाव विचारून मग उरलेल्या रकमेत संगणक बसवी. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची (एमकेसीएल) स्थापना 2001 साली झाल्यावर एमएससीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले. वर्गचालकास एकाच वेळी आठ-दहा यंत्रे हवी असत, आणि त्याला वेगापेक्षा सारी यंत्रे एकसारखी असण्याचे मोल अधिक, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला लावता यावा. छपाईच्या धंद्याची गरज त्याहून निराळी. देवनागरी अक्षरे पडद्यावर आणण्यासाठी एके काळी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड हे स्वतंत्र कार्ड बोर्डाच्या खाचेत बसवावे लागे. मराठी मजकूर जुळविणाऱ्याच्या यादीत ती ओळ हार्ड डिस्कच्याही वर असे. पुढे फाँट आज्ञावलींतून मिळू लागले आणि ते कार्ड यादीतून नाहीसे झाले.

एक ओळ मात्र सर्वांच्याच यादीत कोरी असे: सॉफ्टवेअरची. विंडोज, ऑफिस, छपाईचे पॅकेज, दोनचार खेळ, हे सारे दुकानदार जुळणीच्या मजुरीतच ‘टाकून’ देई, आणि ही वस्तू विकत घ्यावयाची असते असे कोणाच्या मनातही येत नसे. अमेरिकी व्यापार-प्रतिनिधींच्या कचेरीने 2009 साली बदनाम बाजारांत लॅमिंग्टन रोडचे नाव घातले ते काही अकारण नव्हे. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहता, ती कोरी ओळ खऱ्या किमतीने भरली असती तर मधल्या रकमेच्या यादीतील निदान एक पट्टी रॅम आणि मॉनिटरचे दोन इंच कमी करावे लागले असते. आपल्या मध्यमवर्गाचा संगणक-प्रवेश काही अंशी त्या कोऱ्या ओळीवर उभा आहे, ही गोष्ट सोयीची नसली तरी खरी आहे.

गेल्या दशकात यादीचा गुरुत्वमध्य ग्राफिक्स कार्डाकडे सरकला. आभासी चलनांच्या खाणकामामुळे 2017-18 मध्ये आणि पुन्हा 2020-21 मध्ये ही कार्डे इतकी दुर्मीळ झाली की अर्धी रक्कम त्या एकाच ओळीत जाऊ लागली. त्यावर तोड निघाली ती एएमडीच्या रायझन 3 2200जीसारख्या प्रोसेसरांनी, ज्यांत ग्राफिक्स आतच असते: 2018 पासून पुष्कळांनी ती ओळ कोरी ठेवून, रकमेचा ओघ बोर्ड आणि पुरवठा यांकडे वळविला आणि कार्डाची खरेदी भाव उतरेपर्यंत लांबणीवर टाकली. त्याच कंपनीने एएम4 ही प्रोसेसरची बैठक (सॉकेट) इतकी वर्षे चालविली की 2017 साली घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायॉस नवा केल्यावर 2022 सालचा प्रोसेसर बसू लागला. त्यामुळे ज्या बोर्डाच्या ओळीत नेहमी ‘कोणताही चालेल’ असे लिहिले जाई, तेथे आता गिऱ्हाईक बोर्डावरील वीजपुरवठ्याच्या फेजा आणि बायॉसच्या आवृत्त्या मोजू लागले आहे, आणि जुना प्रोसेसर देऊन नवा नेताना काउंटरवर घासाघीस करीत आहे.